न वाचता आलेल्यांनाही चहा द्या

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरीकडच्या एका सोसायटीत बाराजणींनी पुस्तकभिशी सुरू केली. दरमहा प्रत्येकीचे दोनशे रुपये, जिची चिठ्ठी निघेल तिला त्या पैशांची पुस्तकं, आणि महिन्याला एका कादंबरीवर गप्पा. पाचव्या महिन्यात सहाजणी उरल्यात. त्यातल्या तिघी पुस्तक न वाचताच येतात आणि दहा मिनिटांत विषय सुनांवर नाहीतर शाळेच्या फीवर जातो. कोणत्या कादंबऱ्या घ्याव्यात? न वाचणाऱ्यांचं काय करावं? आणि शेवटी, जरा संकोचून विचारलेलं: मलाच हल्ली वाचायला होत नाही, त्याला काय करू?

ताई, तालुक्याच्या गावातल्या ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं काढली. आधी देवघेवीच्या खिडकीवर होते, मग ग्रंथपाल झाले. आमचं वाचक मंडळ २००५ पासून दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी बसतं. मी निवृत्त झाले तरी बसतं. मधे दोनदा बंद पडलं आणि त्यातलं एकदा तर माझ्याच हट्टामुळे. तेव्हा मंडळ बंद कसं पडतं ते मला चांगलंच माहीत आहे.

आधी पैशांचं बघू, कारण खरी गोम तिथेच दिसते. बाराजणींचे चोवीसशे रुपये एकीकडे जातात, ती आपल्या आवडीची आठ-दहा पुस्तकं घेते. छान. पण मग महिन्याच्या कादंबरीची प्रत उरलेल्या अकराजणींनी आणायची कुठून? वाचनालयात एका कादंबरीच्या एक किंवा दोन प्रती असतात, त्यातली एक कुणाकडे तरी अडकलेली असते. एकीनं वाचून दुसरीला द्यायची म्हटली तर तीस दिवसांत चौघींच्या पलीकडे प्रत जात नाही. तुमच्या तिघी न वाचता येतात म्हणता, पण त्यांच्या हातात पुस्तक किती दिवस होतं ते आधी विचारा. मी पैजेवर सांगते, एकीला तरी ते भिशीच्या आदल्या रात्री मिळालं असेल.

म्हणून भिशी थोडी वळवा. जिची चिठ्ठी निघेल तिनं पुस्तकं नाही, पुस्तक निवडायचं. एकच कादंबरी, पण त्या पैशांत जेवढ्या प्रती येतील तेवढ्या. अडीचशे रुपयांचं पुस्तक धरलं तर नऊ प्रती येतात, आणि प्रकाशकाकडून एकगठ्ठा घेतल्या तर सूट मिळून दहासुद्धा. म्हणजे जवळपास प्रत्येकीच्या उशाशी महिनाभर एक प्रत. गप्पा झाल्या की एक प्रत निवडणारीची, तिनं त्यावर तारीख घालून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, बाकीच्या एका पेटीत. वर्षानं तुमच्याकडे बारा कादंबऱ्यांचे संच तयार होतात. शेजारच्या सोसायटीत दुसरी भिशी असेल तर पेटीला पेटी बदला, पुढचं वर्ष फुकटात निघेल. पेटीची कल्पना काही माझी नव्हे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना पुस्तकांच्या पेट्या अशाच फिरवते आणि त्या पार परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या आहेत. छापून संपलेलं पुस्तक हवं असेल तर पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा. पण भिशीसाठी शक्यतो बाजारात असलेलंच घ्या. दुर्मीळ पुस्तकाच्या फोटोप्रती काढून वाटण्याचा उद्योग आम्ही एकदा केला. कुणीही वाचलं नाही. सुट्या कागदांचा गठ्ठा घेऊन कोण लोळणार?

आता न वाचणाऱ्या.

आम्ही २००७ मध्ये दंड लावला होता. न वाचता आलात तर वीस रुपये. कल्पना माझी, अंमलबजावणी माझी. परिणाम असा झाला की लोक मलपृष्ठ वाचून यायला लागले. मलपृष्ठावर जे चार शब्द छापलेले, तेच चार शब्द चौघांच्या तोंडून चार वेळा ऐकायचे. एका गृहस्थांनी तर कादंबरीऐवजी तिच्यावरून निघालेला सिनेमा पाहून पंधरा मिनिटं भाषण केलं, आणि सिनेमात बदललेला शेवट तावातावानं सांगितला. वाचलेल्यांना हसू आवरेना, ते पुढच्या महिन्यापासून आलेच नाहीत. सहा महिन्यांत मंडळ बंद. दंडाच्या डब्यात एकशे चाळीस रुपये जमले होते, त्याची भेळ खाल्ली.

पुन्हा सुरू केलं तेव्हा दंड काढला आणि एकच गोष्ट नवीन केली, ती आजतागायत चालू आहे. आम्ही चर्चेनं सुरुवात करत नाही, वाचून करतो. ज्यानं वाचलंय त्यानं एक पान निवडून आणायचं, एकच, आणि मोठ्यानं वाचायचं. का निवडलं ते आधी सांगायचं नाही. तीन-चार पानं वाचून झाली की खोलीतल्या प्रत्येकानं, न वाचलेल्यानंसुद्धा, निदान तीन-चार पानं तरी ऐकलेली असतात, आणि बोलायला तेवढी पुरतात. न वाचलेल्यांना दोनच अटी: शेवट सांगितला म्हणून कुरकुर करायची नाही, आणि बोलायचं ते आत्ता ऐकलेल्या पानावर. खरं सांगू का, आमच्याकडे पुष्कळ चांगले प्रश्न न वाचलेल्यांनीच विचारलेत. वाचलेल्याला सगळं ठाऊक असल्याचा भास असतो, न वाचलेली व्यक्ती सरळ विचारते की हा माणूस उठून निघून का जात नाही?

एक प्रसंग सांगते. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) घेतली होती. वऱ्हाडातल्या शिंपी घरातली कौतिक, तिचा नवरा महादेव, पोरं, आणि घर उभं राहावं म्हणून त्या बाईनं केलेली ओढाताण. आमचा भाग सातारी, वऱ्हाडी संवादांशी झटापट करून बहुतेकांनी तिसाव्या पानावर सोडलेलं. बसलो तेव्हा सगळे अपराधी चेहऱ्यानं. आमच्यात एस.टी. डेपोतले एक मेकॅनिक यायचे, मूळचे अमरावतीकडचे, बदलून आलेले. फारसे बोलत नसत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहा घ्यायचे. मी म्हटलं, दादा, तुम्ही वाचा. त्यांनी चष्मा लावला, नखांत ग्रीस होतं म्हणून पान रुमालानं धरलं, आणि कौतिकचं बोलणं वाचायला लागले. पहिल्या दोन ओळींना बायका हसल्या, वऱ्हाडी हेल कानाला नवा म्हणून. पान निम्मं झालं तोवर कुणी हसत नव्हतं. ते मधेच थांबले, एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “माही माय असंच बोले,” आणि पुढे वाचत गेले. एका पानाची साडेतीन पानं झाली, कुणी थांबवलं नाही. त्या महिन्यात वाचनालयातल्या ‘धग’च्या दोन्ही प्रतींना नावं लागली, आणि तिसावं पान ओलांडलं गेलं.

तुमच्या सोसायटीत खानदेशातली, कोकणातली, मराठवाड्यातली अशी एक तरी असेलच. तिच्या बोलीतलं पुस्तक घ्या आणि तिलाच वाचायला लावा.

कादंबऱ्या कोणत्या, हा प्रश्न लोक मला यादीच्या आशेनं विचारतात. यादी देत नाही, क्रम सांगते. पहिले तीन महिने दीड-दोनशे पानांच्या आतलं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सुरुवातीला उत्तम: माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरगेला मास्तर, आणि शेवटी दुष्काळात उठून गेलेलं गाव. दोन बैठकींत वाचून होते, आणि प्रत्येकाला त्यातलं वेगळंच माणूस आठवतं. पुढे मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४). पानं थोडी जास्त, पण पळते. आणीबाणीच्या वर्षातली नववी. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक ठणकावून म्हणाले, “माझ्या शाळेत असली मुलं नव्हती.” समोर त्यांचाच माजी विद्यार्थी बसला होता, आता तोही टकला झालेला. तो जो हसत सुटला, की पुढचा तास तोच बोलला आणि मुख्याध्यापक ऐकत राहिले.

मग वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९). ज्ञानपीठ मिळवणारी म्हणून शोकेसमध्ये असते, भिशीत मात्र तिचा उपयोग वेगळाच. ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली आहे. गटाचे तीन भाग करा, प्रत्येकीला एकाची बाजू द्या, आणि ‘तुमचं माणूस कुठे खोटं बोलतंय’ ते शोधून आणायला सांगा. भाषा अलंकारिक आहे, आजच्या कानाला जड जाते, पण हा खेळ सुरू झाला की कुणी भाषेची तक्रार करत नाही. आमच्या देवयानी-पक्षातल्या दोघी पुढचे दोन महिने शर्मिष्ठा-पक्षाशी नीट बोलत नव्हत्या.

पावसाळ्यात एक जाडजूड घ्या. श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) आम्ही जून ते सप्टेंबर वाचले, दोन खंड, चार बैठका. जगबुडीकाठचं ते खोतांचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या, नावं लक्षात राहीनात. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर वंशावळ काढून भिंतीला लावली. दर बैठकीला कुणीतरी मेलेल्यापुढे फुली मारायचं. अजून आहे तो कागद माझ्याकडे.

‘कोसला’ (१९६३) लगेच नको. सहा महिने गट मुरू द्या. भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे असताना आलेली ही कादंबरी अर्ध्या लोकांना आपलीच वाटते, तर उरलेल्यांना तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, आणि दोन्ही पक्ष बरोबर असतात. वाचनालयातली आमची जुनी प्रत निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करून रद्दीत, काढायची वेळ आली तेव्हा मी ती हातात घेऊन कड बघितली. ही खिडकीवरची सवय. पुस्तक मिटून कड पाहिली की वाचक कुठपर्यंत पोचले ते दिसतं, बोटांनी मळलेली पानं काळपट असतात. ‘कोसला’ची पहिली साठ-सत्तर पानं काळी कुट्ट, मग कड एकदम पांढरी. म्हणजे निम्मे तिथे गळाले. आणि पुढे आत पुन्हा एक काळपट पट्टा, तिथली शिवणही सुटलेली. उघडून पाहिलं तर पांडुरंगची धाकटी बहीण मनी मरते तिथली पानं. ज्यांनी गाठलं त्यांनी ती परत परत वाचली होती. ती प्रत मी रद्दीत जाऊ दिली नाही, बायंडरकडून शिवून आणली. कार्यकारिणीत त्यावरून मला ऐकून घ्यावं लागलं, ते असो.

काय घेऊ नये? सगळ्यांनी शाळेत असताना वाचून रडलेल्या जाडजूड पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्या. वाईट म्हणून नव्हे. पण त्यांच्यावर भांडण होत नाही. प्रत्येकजण आपण कितव्या वर्षी वाचली आणि कुठे रडलो ते सांगतो, “काय भाषा!” म्हणतो, आणि बाराव्या मिनिटाला चहा येतो. अशी पुस्तकं घरी, आपापली, पुन्हा वाचावीत.

आणि दुसरं, स्वतःचं सर्वांत लाडकं पुस्तक भिशीत नेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. मी नेलं. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, महायुद्ध तोंडावर, नाझींच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हर्टा आणि आपला चक्रधर. मी ते कॉलेजात असताना एका रात्रीत वाचलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं चक्रधर हा माझ्या मनातला दुखावलेला, खोल वगैरे पुरुष होता. आमच्या बैठकीत पोस्टात काम करणारी एक मुलगी, वय असेल पंचवीस, शांतपणे म्हणाली, “मला तो भित्रा वाटला. आधी कुणीतरी फसवलं त्याचे पैसे हा हिच्याकडून वसूल करतो. मुंबई आली की उतरून जातो.” मला इतका राग आला की मी तिला मधेच तोडलं आणि बेडेकरांच्या शैलीवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्यानंतर एक-एक करत गळाले, आणि मंडळ दुसऱ्यांदा बंद पडलं ते तेव्हा. आठवड्यानं मी ‘रणांगण’ पुन्हा काढलं, तिला खोटं पाडायला. वाचत गेले तशी ती खरी ठरत गेली. पुस्तक लहान झालं नाही, उलट हर्टा मला पहिल्यांदा नीट दिसली. इतकी वर्षं मी चक्रधरच्याच खांद्यावरून तिच्याकडे बघत होते. मग मी पोस्टात गेले, पाच रुपयांचं तिकीट घेतलं, आणि खिडकीतून तिला सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, मागे रांग आहे.” पण पुढच्या शनिवारी आली. मंडळ परत सुरू झालं ते आम्हा दोघींचंच, तिसरा महिनाभरानं आला.

सुनांच्या विषयाची तुम्हाला कटकट होते, ते समजतं. आम्ही पहिली पंधरा मिनिटं मोकळी ठेवतो, सुना, गुडघे, पाणीकपात, काय हवं ते. मग पान वाचायला घेतलं की बंद. पण ताई, तो विषय हाकलून देण्याआधी एकदा त्याच विषयाची कादंबरी घेऊन बघा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. यमूनं स्वतःच्या तोंडून सांगितलेली गोष्ट: माहेर, सासर, शिकवणाऱ्या नवऱ्याचा जेमतेम सहवास, मग वैधव्य आणि केशवपन. मोठी आहे, म्हणून आम्ही निवडक प्रकरणं वाचली. केशवपनाचं पान वाचून झाल्यावर शांतता होती, आणि एक सत्तरीच्या बाई, दरवेळी फक्त सुनेबद्दलच बोलणाऱ्या, म्हणाल्या की त्यांची आजी लाल आलवणात वावरायची आणि डोक्यावरचा पदर कधी ढळला तर नातवंडांनी पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड करायची. हे त्यांनी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची सून त्या दिवशी त्यांना न्यायला आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. दोघी चालत घरी गेल्या, रिक्षा परत पाठवली. पुढच्या महिन्यात बाईंनी सुनेची तक्रार पुन्हा केलीच म्हणा.

किरकोळ गोष्टी पटापट. बारा-चौदाच्या वर माणसं नकोत. दीड तास पुरे. चहा शेवटी, आधी दिला की कपबशांत पाऊण तास जातो, आणि खायला केलंत तर भिशी पदार्थांची होते, पुढचीवर दडपण येतं. “आवडलं का?” हा प्रश्न विचारूच नका, त्याला हो-नाहीपलीकडे उत्तर नसतं. “कुठे थांबलीस?” विचारा, “कुणाचा राग आला?” विचारा. स्टोरीटेलवर ऐकून आलेलीला वाचलेलीच धरा. पोळ्या लाटताना ऐकलं म्हणून काही कमी होत नाही. फक्त तिला पान सापडत नाही, तेव्हा प्रसंग सांगू द्या आणि पुस्तकवालीनं तो शोधून वाचावा.

आता तुमचं शेवटचं. निवृत्त झाल्यावर मलाही आठ महिने एक कादंबरी पुरी करता आली नाही. आयुष्यभर पुस्तकांत बसलेली बाई, रिकामा वेळ मिळाल्यावर फोनवर दुसऱ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ बघत बसायची. लाजेनं कुणाला सांगितलं नाही, मंडळातही जुन्या वाचलेल्यावर वेळ मारून नेत होते, म्हणजे मीही न वाचता येणाऱ्यांतलीच. नवीन कादंबरी हातात घेतली की वीस माणसांची नावं लक्षात ठेवायचाच कंटाळा यायचा. मग मी दिवाळी अंक काढले, मागच्या तीन वर्षांचे, आणि रोज एक कथा, बस्स. पुढे एक जुनी, वाचलेली कादंबरी काढली, जिच्यात कोण कोण आहे ते आधीच माहीत होतं. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. सकाळी चहा उकळायच्या आधी वीस पानं, फोन तांदळाच्या डब्यात. डब्यात कशाला, तर तो काढायचा म्हणजे हात धुवायला लागतात. अजूनही रात्री माझ्याच्यानं वाचवत नाही, डोळे मिटतात, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दोन वर्षं पुढे ढकलतेय ते वेगळंच. तुम्ही चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्या. खिडकीवर कितीतरी जण मला “आता वाचनात मन लागत नाही” म्हणायचे, आणि नवा चष्मा आला की दोन-दोन पुस्तकं न्यायचे.

पुढच्या भिशीला ‘बनगरवाडी’ घ्या, जमतील तेवढ्या प्रती आजच मागवा. गळालेल्या सहाजणींच्या दारात एकेक प्रत ठेवून या, न विचारता. आणि बसाल तेव्हा पहिलं पान तुम्ही वाचू नका. न वाचता येणाऱ्या तिघींपैकी जिचा आवाज सगळ्यांत मोठा, तिच्या हातात द्या.